थायलेरियाची जिवंत लस: परजीवीची उग्रता समजून घेऊन संकरित जनावरांचे लसीकरण कसे करावे

पावसाळ्याच्या तोंडाशी चांगली दुभती संकरित गाय अचानक चारा सोडते, ताप १०५-१०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, खांद्यापुढची गाठ हाताला लिंबाएवढी लागते आणि दोन दिवसांत दूध निम्म्यावर येते. पशुपालक याला ‘गोचीड ताप’ म्हणतात. हे नाव चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गोचीड एकाहून अधिक रक्तपरजीवी पसरवतात आणि त्यांपैकी फक्त थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीविरुद्ध आपल्या देशात लस तयार होते. ती लस मेलेल्या जंतूंची नाही. ज्या परजीवीने गाय दगावते, तोच परजीवी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवून दुबळा केला आणि जिवंत पेशींमध्ये बसवून बाटलीत भरला, की ही लस होते. म्हणून ती वापरताना दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात: परजीवी दुबळा असला पाहिजे आणि तो जिवंतही असला पाहिजे. पहिली जबाबदारी लस बनवणाऱ्यांची आहे. दुसरी मात्र वाहतूक करणाऱ्यापासून सुई टोचणाऱ्यापर्यंत सगळ्यांची आहे, आणि माझ्या अनुभवात लस ‘फसली’ असे ज्याला म्हटले जाते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यावरच घडलेले असते. त्यामुळे लस कशी द्यावी हे सांगण्याआधी परजीवीची उग्रता म्हणजे काय आणि ती कमी कशी केली जाते हे थोडे विस्ताराने सांगतो.

उग्रता कशातून येते

थायलेरिया ॲन्युलाटा पसरवणारा आपल्याकडचा मुख्य गोचीड हायलोमा ॲनाटोलिकम हा आहे. तो गोठ्यातच राहतो, भिंतीच्या फटींत, गव्हाणीच्या कोपऱ्यात आणि मातीच्या भेगांत अंडी घालतो. गोचिडाची पिले थायलेरियाबाधित जनावराचे रक्त पितात तेव्हा परजीवी त्यांच्या पोटात जातो, आणि तेच गोचीड कात टाकून प्रौढ झाल्यावर पुढच्या जनावराला चिकटले की त्यांच्या लाळेतून तो त्या जनावरात उतरतो. मादीच्या अंड्यांतून मात्र हा परजीवी पुढच्या पिढीत जात नाही. अंड्यातून नुकतेच निघालेले सहा पायांचे पिलू थायलेरियाच्या दृष्टीने निर्दोष असते, त्याला आधी एखाद्या वाहक, म्हणजे आजारी न दिसता परजीवी अंगात बाळगणाऱ्या जनावराचे रक्त प्यावे लागते. आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट अशी की, गोचिडाच्या लाळग्रंथीतले परजीवी तो चिकटल्याबरोबर तयार नसतात, त्यांना परिपक्व व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. रोज हात फिरवून गोचीड वेचणाऱ्या जुन्या माणसांच्या सवयीला शास्त्राचा आधार आहे तो इथे.

जनावराच्या शरीरात शिरल्यावर परजीवी पांढऱ्या पेशींपैकी मॅक्रोफेज आणि बी-पेशी गाठतो आणि त्यांच्या आत ‘स्किझॉन्ट’ या अवस्थेत वाढू लागतो. या अवस्थेत तो पेशीला मारत नाही. उलट तो तिला कर्करोगाच्या पेशीसारखी न थांबता विभागायला लावतो, आणि पेशी दुभंगते तेव्हा स्वतःही दोन्ही भागांत वाटला जातो. औषधाने आतला परजीवी मारला की त्या पेशीची ही बेफाम वाढ थांबते, म्हणजे सगळा उपद्रव परजीवीच्या हुकमतीने चाललेला असतो. अशा पेशी लसीका ग्रंथीतून निघून फुप्फुस, यकृत, प्लीहा, चौथे पोट अशा अवयवांत घुसतात. त्यासाठी त्या ऊती विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडतात आणि ही विकरे सोडण्याची क्षमता हा उग्रतेचा एक मोठा आधार आहे. पुढे काही स्किझॉन्टमधून बाहेर पडलेले परजीवी तांबड्या पेशींत शिरतात. तिथून पंडुरोग आणि कावीळ सुरू होते, आणि याच अवस्थेतला परजीवी रक्तासोबत पुढच्या गोचिडाच्या पोटात जातो.

एखाद्या गोठ्यात रोग किती जोराचा येईल हे केवळ स्ट्रेनवर, म्हणजे परजीवीच्या वाणावर, ठरत नाही. स्ट्रेन किती जहाल आहे, गोचिडाने एका वेळी किती परजीवी सोडले आणि ते कोणत्या रक्ताच्या जनावरात सोडले, या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम असतो. एडिंबरा इथल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना परजीवीची सारखीच मात्रा दिली होती. साहिवाल वासरांत आजाराची तीव्रता स्पष्टपणे कमी राहिली. आपल्या खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी जनावरांच्या अंगावर गोचीड असूनही थायलेरियाने ती सहसा कोसळत नाहीत, हा पशुपालकांचा अनुभव याच्याशी जुळणारा आहे. मात्र ती वाहक असतात. १९६७ साली उरुळीकांचनला सुरू झालेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांच्या कामातून आणि कृत्रिम रेतनाच्या प्रसारातून महाराष्ट्रात होल्स्टीन-जर्सी रक्ताच्या गाई घरोघरी आल्या, दूध वाढले, आणि त्याच गोठ्यात शांतपणे नांदणारा परजीवी या नव्या रक्तासाठी प्राणघातक ठरला. देशी बैल आणि संकरित गाय एकाच छपराखाली बांधणाऱ्याने हे नाते विसरू नये.

दुबळा स्ट्रेन कसा घडवला जातो

पहिला मार्ग होता निसर्गातलाच सौम्य स्ट्रेन शोधण्याचा. अल्जीरियातील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एडमंड सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा कमी जोराचा स्ट्रेन एका वासरातून दुसऱ्या वासरात रक्ताने पुढे नेत लस म्हणून वापरला. त्याने जनावरे वाचली, पण बाधित रक्त टोचताना त्यासोबत दुसरे रोगही टोचले जाण्याची भीती होती आणि परजीवीचा जोरही प्रत्येक जनावरात सारखा राहील याची खात्री नव्हती.

वळण आले ते १९४५ साली. आजच्या इस्रायलमधले त्सूर-चेर्नोमोरेत्झ यांनी स्किझॉन्ट असलेल्या पेशी जनावराच्या बाहेर, काचेच्या भांड्यात वाढवून दाखवल्या. पुढे लक्षात आले की या पेशी ठरावीक दिवसांनी नव्या पोषक द्रवात टाकत राहिले, म्हणजे त्यांचे ‘पॅसेज’ करत गेले, तर परजीवीचा जोर हळूहळू ओसरतो. जनावरात घुसखोरी करण्याची गरज उरलेली नसते, गोचिडाकडे परतण्याची गरज नसते, भांड्यात टिकायचे तर फक्त वाढत राहायचे असते. शंभराच्या आगेमागे किंवा त्याहूनही अधिक पॅसेज झाल्यावर अशा पेशी ऊती विरघळवणारी विकरे फार कमी सोडतात आणि आतला परजीवी तांबड्या पेशीत जाणारी अवस्था तयार करणे जवळजवळ सोडून देतो. पहिल्या बदलामुळे लस टोचलेले जनावर आजारी पडत नाही. दुसऱ्यामुळे लशीतला परजीवी गोचिडापर्यंत पोहोचत नाही, आणि माझ्या मते हे दुसरे वैशिष्ट्य पहिल्याइतकेच मोलाचे आहे, कारण जो स्ट्रेन गोचिडातून फिरू शकत नाही त्याला रानात जाऊन पुन्हा जहाल होण्याची वाटच राहत नाही.

पॅसेज जितके जास्त तितके चांगले असे मात्र समजू नये. परजीवी फार दुबळा झाला तर जनावराच्या शरीरात तो पुरेसा टिकत नाही आणि प्रतिकारशक्ती जागी होण्याआधीच नष्ट होतो. शिवाय पॅसेज होत असताना मूळ नमुन्यातील अनेक वंशांपैकी थोडेच वंश उरतात, म्हणजे लशीतली विविधता आक्रसते. त्यामुळे उत्पादक ठरावीक पॅसेजचे ‘बीज’ गोठवून ठेवतात आणि प्रत्येक खेप त्याच बीजापासून मर्यादित पॅसेजमध्येच तयार करतात. प्रत्येक खेप संवेदनशील वासरांत तपासणे आणि तिच्यात दुसरे जंतू नाहीत ना हे पाहणे हाही याच शिस्तीचा भाग आहे.

भारतात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आणंद येथील कामातून अशी पेशीसंवर्धित लस पुढे आली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ती ‘रक्षाव्हॅक-टी’ या नावाने बाजारात आणली. इराण, इस्रायल, तुर्कस्तान, ट्युनिशिया, चीन या देशांनीही आपापल्या स्थानिक स्ट्रेनपासून अशाच लशी केल्या.

सगळ्याच रक्तपरजीवींना ही युक्ती लागू पडत नाही, हे इथेच सांगितलेले बरे. पूर्व आफ्रिकेतल्या थायलेरिया पार्व्हाची पेशीसंवर्धित लस करून पाहिली गेली, पण त्यात परजीवी टोचलेल्या पेशीतून जनावराच्या स्वतःच्या पेशीत फार कमी जातो, त्यामुळे दहा कोटींच्या घरातल्या पेशी लागतात. म्हणून तिथे मुगुगा कॉकटेल या नावाने जहालच स्ट्रेन टोचतात आणि त्याच वेळी दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन देऊन त्याला आवर घालतात. बबेसिया बोव्हिस या गोचिडांनीच पसरणाऱ्या दुसऱ्या रक्तपरजीवीची वाट आणखी वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये वाकोलच्या केंद्रात १९६४ पासून हा परजीवी प्लीहा काढलेल्या वासरांतून झपाट्याने पुढे-पुढे नेऊन सौम्य केला गेला. त्याची थंड ठेवलेली लस जेमतेम चार दिवस टिकते. थायलेरिया ॲन्युलाटाच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत असे मला मनापासून वाटते, कारण इथे तुलनेने थोड्या पेशी पुरतात आणि त्या गोठवून दीर्घकाळ ठेवता येतात.

टोचल्यानंतर काय घडते

लशीतल्या पेशी दुसऱ्याच जनावराच्या असतात. ज्याला लस दिली त्याचे शरीर त्यांना परके म्हणून ओळखते आणि काही दिवसांत नष्ट करते, जसे परके अवयवरोपण नाकारले जाते तसे. पण त्याआधी त्यांच्यातला परजीवी जनावराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींत शिरलेला असतो. प्रतिकारशक्ती या नव्या बाधित पेशींविरुद्ध उभी राहते आणि पुढे गोचिडाने जहाल स्ट्रेन सोडला तरी त्याच्या स्किझॉन्टला ती ओळखून रोखते. या एका घडामोडीतून लसीकरणाचे बहुतेक नियम आपोआप निघतात. पेशी बाटलीतच मेलेल्या असतील तर परजीवी पुढे जाणारच नाही, म्हणून शीतसाखळी. परजीवी नव्या पेशीत वाढत असताना त्याच्यावर औषधाचा मारा झाला तर प्रतिकारशक्ती अर्धवट राहील, म्हणून औषधांचे पथ्य. आणि हे सगळे घडायला काही आठवडे लागतात, म्हणून हंगामाआधीचे नियोजन.

कोणत्या जनावरांना द्यावी

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे ही लस तीन महिने आणि त्यापुढच्या वयाच्या संकरित आणि विदेशी गोवंशासाठी आहे आणि ती आयुष्यात एकदा द्यायची आहे. देशी जनावरांना ती देण्याची शिफारस नाही. म्हशींनाही ती दिली जात नाही.

गोठ्यात खरोखर थायलेरिया आहे का, हे आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. लाल किंवा कॉफीच्या रंगाची लघवी हे बबेसियाचे चिन्ह आहे आणि ही लस बबेसियापासून संरक्षण देत नाही. ॲनाप्लाझ्मा या गोचिडांनी पसरणाऱ्या रक्तातल्या जंतूपासूनही नाही आणि सहसा सौम्य असणाऱ्या थायलेरिया ओरिएंटालिसपासूनही नाही. लसीका ग्रंथींची स्पष्ट सूज, सतत चढा ताप, डोळ्याच्या आतल्या त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके आणि पुढे पांढुरकेपणा हा थायलेरिया ॲन्युलाटाचा मेळ आहे. खात्रीसाठी सुजलेल्या ग्रंथीतला नमुना सुईने घेऊन काचपट्टीवर पसरतात, गिम्सा रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्किझॉन्ट पाहतात. हे स्किझॉन्ट ‘कॉखचे निळे ठिपके’ म्हणून ओळखले जातात. धडधाकट जनावराच्या रक्तात तांबड्या पेशींत एखाददुसरा परजीवी दिसला, एवढ्यावर ते आजारी आहे असे ठरवू नये. ते केवळ वाहक असू शकते.

ताप असलेले, अशक्त, जंतांनी पोखरलेले किंवा नुकतेच लांबचा प्रवास करून आलेले जनावर लसीकरणातून तात्पुरते वगळावे. गाभणपण पुढे गेलेल्या गाई टाळणे शहाणपणाचे आहे. लसीमुळे येणारा थोडासा तापही तिथे परवडत नाही. परराज्यातून आणलेल्या गाई गोठ्यात मिसळण्याआधी किमान तीन आठवडे वेगळ्या बांधाव्यात. त्यांच्या अंगात रोग आधीच मुरत असेल तर तो याच काळात वर येतो.

केव्हा द्यावी

थायलेरियाचा जोर उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यात राहतो, कारण तेव्हा प्रौढ हायलोमा जनावरांवर मोठ्या संख्येने चढतात. लसीकरण त्याआधी किमान सहा-आठ आठवडे उरकलेले असावे. महाराष्ट्राच्या हवामानात माघ-फाल्गुन, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात, मला सर्वांत सोयीची वाटते. हवा थंड असते, गोचीड कमी असतात आणि प्रतिकारशक्ती तयार व्हायला उसंत मिळते. साथ सुरू झाल्यावर घाईघाईने लस देणे फारसे उपयोगाचे नाही. ज्या जनावरात जहाल परजीवी आधीच शिरला आहे त्याला लस वाचवत नाही आणि मग लशीनेच गाय आजारी पडली असा गैरसमज गावभर होतो. वर्षभरात जन्मलेल्या कालवडी तीन महिन्यांच्या झाल्या की त्यांची नोंद ठेवावी आणि पुढच्या हंगामाआधी त्यांना एकत्र लस द्यावी.

लाळ्या-खुरकूत किंवा इतर लशी त्याच दिवशी देऊ नयेत. दोन लशींमध्ये साधारण तीन आठवड्यांचे अंतर ठेवण्याची पद्धत आहे. बुपार्व्हाक्वोन हे थायलेरियावरचे औषध आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके लसीकरणाच्या आगेमागे टाळावीत. ही औषधे जहाल परजीवीला जशी मारतात तशीच लशीतल्या दुबळ्या परजीवीलाही मारतात. कासदाहासाठी किंवा गर्भाशयाच्या संसर्गासाठी गाईला ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलेले असेल तर ते पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे आणि त्याच्या सल्ल्याने लसीकरण पुढे ढकलावे. एवढी साधी माहिती लपून राहिल्यामुळे लस वाया गेलेली मी पाहिली आहे.

लसीकरणाचा दिवस

ही लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला राहते. फ्रीज, बर्फाची पेटी, डीप फ्रीझर यांपैकी कशातही ती जगत नाही. सुदैवाने कृत्रिम रेतन करणाऱ्या प्रत्येक केंद्रात वीर्यकांड्यांचा नायट्रोजन कंटेनर असतो, आणि थोडी शिस्त पाळली तर त्याच व्यवस्थेत लसही नेता येते. आदल्या दिवशी मोजपट्टी घालून कंटेनरमधली नायट्रोजनची पातळी पाहावी. कॅनिस्टर, म्हणजे बाटल्या ठेवलेला आतला डबा, वर उचलताना तो कंटेनरच्या मानेच्या आतच राहील आणि काही सेकंदांत पुन्हा खाली जाईल याची दक्षता घ्यावी. बाटली शोधायला कॅनिस्टर बाहेर धरून उभे राहिले तर बाकीच्या बाटल्यांतल्या पेशी तेवढ्यात मरू लागतात आणि बाहेरून पाहून कोणाला काहीच कळत नाही. हातात जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, खिडक्या उघड्या असाव्यात. द्रव आत शिरलेली बाटली बाहेर काढताना फुटू शकते, म्हणून ती चेहऱ्यापासून दूर धरावी.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम हा की आधी जनावरे तयार, मग लस बाहेर. एका बाटलीत एकाहून अधिक मात्रा असल्याने शेजारच्या पाच-सहा गोठ्यांनी मिळून दिवस ठरवावा, सर्व जनावरांची यादी करावी, त्यांचे तापमान घेऊन ठेवावे आणि ती दाव्याला किंवा खोड्यात बांधलेली असताना पहिली बाटली काढावी. बाटली वितळवून ठेवायची आणि मग मोकळ्या सोडलेल्या कालवडी धरायला माणसे धावायची, हा प्रकार अनेक ठिकाणी होतो आणि त्यात लशीचा जीव जातो. पहाटेची किंवा सकाळची थंड वेळ निवडावी.

बाटली ३७ अंश सेल्सियसच्या, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यात चटकन वितळवावी. थर्मामीटर वापरावा, अंदाजावर जाऊ नये. हळू वितळवली तर पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक पुन्हा तयार होऊन पेशी फुटतात. पाणी जास्त गरम असेल तर त्या शिजतात. गोठवताना पेशींना जपणारे जे द्रव्य मिसळलेले असते तेच सामान्य तापमानाला जास्त वेळ राहिले तर पेशींना त्रासदायक ठरते, म्हणून वितळल्याबरोबर उत्पादकाने दिलेल्या विद्रावकात ती मिसळावी. त्याऐवजी सलाइन, ऊर्ध्वपातित पाणी किंवा दुसऱ्या लशीचे उरलेले विद्रावक वापरू नये. मिश्रण जोरात हलवू नये. या पेशी आहेत, त्या फेस येईल अशा घुसळण्याने फुटतात. पण त्या तळाशी बसतातही, म्हणून प्रत्येक मात्रा भरण्याआधी बाटली हलक्या हाताने दोन-चार वेळा उलटसुलट करावी. नाहीतर पहिल्या गाईला नुसते पाणी आणि शेवटच्या गाईला सगळ्या पेशी असा प्रकार होतो.

सिरिंज आणि सुया निर्जंतुक हव्यात, पण त्यांत स्पिरिट किंवा जंतुनाशकाचा अंशही नसावा. लस टोचण्याच्या जागी स्पिरिट लावल्यास ते पूर्ण वाळू द्यावे. जंतूंसाठी विष ते या पेशींसाठीही विषच आहे. प्रत्येक जनावरासाठी नवी सुई वापरावी. गोचिडांनी जे रोग पसरतात त्यांपैकी काही, विशेषतः ॲनाप्लाझ्मा, रक्ताने माखलेल्या सुईनेही पसरतात, आणि एका रोगाची लस देताना दुसऱ्या रोगाची लागण करण्याइतके वाईट काही नाही. मात्रा लेबलवर लिहिलेली असेल तेवढीच, मानेच्या बाजूला त्वचेखाली द्यावी. मिश्रण लेबलवर दिलेल्या वेळेत संपवावे. उरलेले पुन्हा गोठवून किंवा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही, ते नष्ट करावे. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, बाटलीचा खेप क्रमांक, वितळवण्याची वेळ आणि टोचण्याची वेळ वहीत लिहावी. पुढे काही बिघडले तर हीच चार नोंदी उत्तर देतात.

नंतरची देखरेख

लस दिल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखाद्या जनावराला थोडा ताप येणे आणि टोचलेल्या बाजूची ग्रंथी किंचित फुगणे शक्य असते. परजीवी कामाला लागल्याची ती खूण असते. अशा वेळी सवयीने टेट्रासायक्लिनचे इंजेक्शन ठोकू नये. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा, पाणी-सावलीची सोय करावी, लांब चालवू नये. ताप चढत राहिला, दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजल्या, खाणे बंद झाले किंवा डोळे पांढरे पडू लागले तर ती लशीची प्रतिक्रिया मानून थांबू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.

लस गोचिडांना मारत नाही आणि परजीवीला शरीरात शिरण्यापासूनही रोखत नाही. ती फक्त जनावराला कोसळू देत नाही. लस घेतलेली गाय पुढे जहाल स्ट्रेनची वाहक होऊ शकते. ‘आयुष्यात एकदा’ ही शिफारस ज्या भागात गोचीड अधूनमधून थोडे परजीवी सोडत राहतात आणि प्रतिकारशक्तीला उजाळा मिळत राहतो त्या भागाला चांगली लागू पडते. पूर्णपणे गोचीडमुक्त, बंदिस्त गोठ्यात वाढलेल्या लसवंत गाईची प्रतिकारशक्ती कालांतराने ओसरते आणि ती गाय पुढे गोचिडांच्या भागात विकली गेली तर धोक्यात येते. दुसऱ्या टोकाला, गोचिडांचा अतोनात भार असेल तर एकाच वेळी शिरलेल्या परजीवींची संख्या चांगल्या प्रतिकारशक्तीलाही भारी पडते. म्हणून भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा चुन्याने बुजवणे, फ्लेमगनने भिंतीचे सांधे भाजणे, पशुवैद्यकाने सांगितलेले गोचीडनाशक योग्य प्रमाणात आणि गोठ्यासह सर्व जनावरांवर एकाच वेळी मारणे, हे लसीनंतरही चालूच ठेवावे. औषध फवारलेले अंग वासराने किंवा गाईने चाटू नये याची काळजी घ्यावी.

लस घेतलेली गाय तरी आजारी पडली तर

आधी दिवस मोजावेत. गोचीड चावल्यापासून थायलेरियाची लक्षणे दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. लसीकरणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोरदार आजार आला तर बहुधा जहाल परजीवी लशीच्या आधीच किंवा लशीसोबतच शिरलेला असतो. कित्येक महिन्यांनी आला तर नोंदवही उघडावी. त्याच खेपेची, त्याच दिवशी वितळवलेली लस घेतलेली इतर जनावरेही आजारी पडत असतील तर पेशी मेलेल्या होत्या असा संशय घ्यावा. एकटीच गाय असेल तर गोचिडांचा भार, तिचे विणे, वाहतूक किंवा दुसरा आजार यांनी तिची ताकद खालावली होती का ते पाहावे. आणि दर वेळी परजीवी दुसराच नाही ना हे तपासावे.

उपचारासाठी बुपार्व्हाक्वोन हे मुख्य औषध आहे. ते शरीराच्या दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम या प्रमाणात स्नायूत दिले जाते आणि ग्रंथी सुजण्याच्या टप्प्यावर दिले तर उत्तम काम करते. तांबड्या पेशी संपत आल्यावर त्याचा उपयोग मर्यादित राहतो आणि रक्त भरण्याची वेळ येते. वजन अंदाजाने कमी धरून अर्धवट मात्रा देणे विशेष घातक आहे. ट्युनिशिया, इराण आणि सुदान या देशांत या औषधाला न जुमानणारे परजीवी आढळले आहेत आणि त्यांच्या सायटोक्रोम-बी या जनुकात बदल दिसले आहेत. उपचार सुरू असताना आणि नंतर दूध किती दिवस वापरायचे नाही हे पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे.

पहिले इंजेक्शन देण्याआधी सुजलेल्या ग्रंथीतला आणि कानाच्या शिरेतल्या रक्ताचा नमुना काचपट्टीवर घ्यावा, त्यावर बिल्ल्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी. औषध अंगात गेल्यावर स्किझॉन्टचा आकार विस्कटतो आणि नंतर घेतलेल्या नमुन्यातून लस हरली की आजारच वेगळा होता हे कोणालाही सांगता येत नाही.